बोअर घेताना वही हातात असू द्या: भूजलापर्यंत पोहोचण्याची पायरीपायरीची वाट

बोअरची गाडी सुरू झाली की विचार करायला उसंत मिळत नाही. कॉम्प्रेसर धडधडत असतो, धुळीचा लोट उठलेला असतो आणि गाडीवाला दर थोड्या वेळाने विचारतो, "अजून एक रॉड घालायचा का?" उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. बहुतेक जण ते आशेवर देतात. आत्तापर्यंत एवढं खोल आलो, आता लागेलच पाणी, असं म्हणत आणखी चार रॉड जातात. मी अशा बऱ्याच बोअरांजवळ उभा राहिलो आहे. जिथे कुणाच्या तरी हातात वही होती, तिथे निर्णय शांतपणे झाले. जिथे नव्हती, तिथे पुढे पंप अडकला, पाणी गढूळ राहिलं किंवा पहिल्याच उन्हाळ्यात बोअर आटला, आणि आत काय आहे हे सांगायला कुणीच नव्हतं.

जमिनीच्या पोटात डोकावण्याची ही एकच संधी असते. गाडी निघून गेली की भोक राहतं, पण थर कसे होते ते पुन्हा दिसत नाही. म्हणून हा लेख.

आधी पाणी खाली असतं कसं, ते

जमिनीखाली नद्या वाहतात हा समज सोडून द्यायला हवा. चुनखडीच्या गुहांसारख्या काही जागा वगळल्या तर भूजल वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत किंवा खडकाच्या भेगांत साठलेलं असतं. पृथ्वीवरच्या द्रवरूप गोड्या पाण्यापैकी सुमारे ९९ टक्के पाणी असं जमिनीखाली आहे. नद्या आणि तळी हा उरलेला जेमतेम एक टक्का.

पण पाणी असणं वेगळं आणि ते मिळणं वेगळं. चिकणमातीत निम्म्याच्या आसपास जागा पाण्याने भरलेली असू शकते, तरी तिच्यातून बोअरला पाणी येत नाही, कारण पोकळ्या इतक्या बारीक असतात की पाणी तिथेच धरून ठेवलं जातं. जाड वाळूत एकूण पाणी त्याहून कमी असतं, पण ते मोकळेपणाने वाहतं. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना मांडला. आजही विहिरींची सगळी गणितं त्यावरच उभी आहेत. हा वेग बहुतेक ठिकाणी दिवसाला काही सेंटिमीटर ते फार तर काही मीटर एवढाच असतो. म्हणजे उपसलेल्या पाण्याची जागा घ्यायला नवं पाणी सावकाश येतं. हे पुढे पंप निवडताना फार उपयोगी पडेल.

कठीण खडकात, ग्रॅनाइट असो की बेसॉल्ट, सगळा खेळ भेगांचा. वरचा मुरूम आणि त्याखालचा कुजका, भेगाळ खडक हा मुख्य साठा. खाली जावं तसा वरच्या खडकाचा भार वाढतो, भेगा मिटत जातात आणि पाणी लागण्याची शक्यता सहसा कमी होते. बेसॉल्टमध्ये लाव्ह्याच्या दोन थरांमधला सांधा, सच्छिद्र थर किंवा भेगांचा पट्टा खाली सापडला तर गोष्ट वेगळी. "खोल गेलो की पाणी लागतंच" हे वाक्य मात्र खडकाला माहीत नसतं.

जागा: गाडी बोलावण्याआधीचे आठ दिवस

पहिलं काम पायी फिरण्याचं. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आणि बोअर बघा. प्रत्येकाची खोली, पाण्याची आजची पातळी, सर्वांत कोरड्या महिन्यातली पातळी, पाणी कितव्या मीटरवर लागलं आणि वर माती-मुरूम किती आहे, हे विचारून लिहा. लोकांना खोली नीट आठवते, पाणी कुठे लागलं ते कमी आठवतं. तरी दहा जणांना विचारलं की चित्र उमटू लागतं. कोरडे गेलेले बोअर आवर्जून विचारा. त्यांच्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही आणि शिकायला मात्र तेच जास्त कामाचे.

मग जमिनीचा उतार बघा. टेकाडाच्या माथ्यापेक्षा दरीच्या तळाशी, दोन ओढे मिळतात तिथे, पाणी मुरून जमा होण्याची शक्यता अधिक. उपग्रहचित्रात सरळ रेषेत गेलेला ओढा किंवा सरळ रेषेत उगवलेली हिरवी झाडं दिसली तर खाली भेगेचा पट्टा असू शकतो.

त्यानंतर विद्युत रोधकता सर्वेक्षण, म्हणजे जमीन विजेला किती अडवते हे मोजणं. जमिनीत चार खुंट्या ठोकून बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात आणि आतल्या दोनमधला विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की जास्त खोलीची माहिती मिळते. ही पद्धत कॉनराड श्लुम्बर्जर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजवली. तिची मर्यादा समजून घ्या. ओली चिकणमाती, खारं पाणी आणि पाण्याने भरलेला भेगाळ खडक या तिघांचीही रोधकता कमी येऊ शकते. त्यामुळे आलेखावरचा खड्डा म्हणजे पाणीच, असं धरता येत नाही. शेजारच्या विहिरींच्या नोंदींशी तो जुळतो का, हे ताडून बघायचं.

आणि पाणाड्या? फाटा फुटलेली काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या मनातली श्रद्धा मी कमी लेखत नाही. पण जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका धान्यकोठारात ४३ निवडक पाणाड्यांच्या ८४३ चाचण्या झाल्या. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरून तो ओळखायचा. प्रयोग करणाऱ्यांना काही थोड्या जणांत कौशल्य दिसलं, पण तीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली तेव्हा अंदाजपंचे उत्तरांपलीकडे काही भरवशाचं दिसलं नाही. पुष्कळ ठिकाणी कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतं, यश त्याच्या खात्यावर जमा होतं.

जागा नक्की करताना आणखी दोन गोष्टी. शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून आणि गोठ्यापासून निदान ३० मीटर दूर राहा, शक्यतो चढाच्या बाजूला. भेगाळ खडकात दूषित पाणी याहून दूर जातं, म्हणून जास्त अंतर मिळत असेल तर घ्या. आणि वर बघा. गाडीचा मनोरा उभा राहतो तेव्हा विजेच्या तारा आड येता कामा नयेत. या चुकीने माणसं गेली आहेत.

कोणतं यंत्र

ते थर ठरवतात. चीनमध्ये सिच्वानच्या त्झगोंग इथे बांबू, दोर आणि लोखंडी पहार वापरून मिठाच्या पाण्यासाठी १८३५ मध्ये १,००१ मीटर खोल भोक पाडलं होतं. जड पहार उचलायची, सोडायची आणि चुरा उपसायचा, ही आघाती पद्धत आजही काही ठिकाणी चालते. हळू आहे, पण प्रत्येक थर नीट दिसतो.

वाळू-मातीच्या सैल थरांत रोटरी पद्धत लागते. फिरत्या बिटमधून, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकातून, बेंटोनाइट या पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा चिखल सोडतात. तो चुरा वर आणतो आणि भिंती कोसळू देत नाही. कठीण खडकात हवेवर चालणारा हॅमर. तो भोकाच्या तळाशी बिटच्या मागेच असतो, दाबाखालच्या हवेने ठोके देतो आणि तीच हवा भुकटी वर फेकते. कठीण खडकासाठी मी डोळे मिटून हीच पद्धत सांगेन. सैल वाळूत मात्र ती चालवायचा हट्ट करू नका, भोक ढासळतं.

खोदकाम चालू असताना: वहीत काय लिहायचं

सुरू करण्याआधी एका रॉडची लांबी स्वतः टेपने मोजा. खोली म्हणजे रॉडची संख्या गुणिले लांबी, त्यात हॅमर आणि बिटची लांबी मिळवायची. प्रत्येक रॉड जाताना एक रेघ ओढा. एवढ्या साध्या नोंदीने नंतरचे कितीतरी वाद मिटतात.

दर रॉडमागे घड्याळ बघून वेळ लिहा. एक रॉड पंधरा मिनिटांत गेला आणि पुढचा चारच मिनिटांत, तर खडक बदलला. बिट एकदम हातभर खाली घसरलं तर भेग लागली. आवाजही बदलतो. सलग कातळात ठोका टणक आणि एकसारखा येतो, भेगाळ खडकात तो अडखळतो.

आता भुकटी. दर ३ मीटरला फावड्याने थोडी घ्या, पाण्यात धुवा आणि फळीवर ओळीने मांडत जा. प्रत्येक ढिगाखाली खोली लिहिलेली चिठ्ठी ठेवा. संध्याकाळपर्यंत त्या फळीवर जमिनीचा आख्खा उभा छेद तुमच्यासमोर असतो. वर तपकिरी मुरूम, मग गंजलेल्या रंगाचे तुकडे, मग करडी-काळी बारीक पीठासारखी भुकटी. कडांवर तांबूस गंज चढलेले तुकडे दिसले की लक्ष द्या. तो गंज भेगेतून पाणी फिरल्याची खूण आहे. पीठासारखी एकसारखी करडी भुकटी म्हणजे भेग नसलेला सलग खडक.

पहिलं पाणी बहुधा पाणी म्हणून दिसतच नाही. उडणारी धूळ कमी होते, भुकटी ओलसर होऊन तिचे वाटाण्याएवढे गोळे पडू लागतात. हीच वेळ नाजूक. ती ओली भुकटी भोकाच्या भिंतीला थापली जाते आणि बारीक झरा बुजतो, शिवाय रॉड अडकायची भीती असते. गाडीवाल्याला थांबायला सांगा, थोडं पाणी सोडून नुसती हवा मारून भोक साफ करून घ्या आणि मग पुढे जा. घाईत हे टाळलं जातं आणि छोटा पण टिकाऊ झरा कायमचा हातचा जातो.

पाणी उसळू लागलं की ते किती आहे हे मोजायचं. "दोन इंच पाणी लागलं" हे आपण नेहमी ऐकतो. हा इंच पाइपचा नसतो. पाण्याच्या वाटेत इंग्रजी व्हीच्या आकाराची, ९० अंशांची खाच पाडलेला पत्रा आडवा लावतात. त्या खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच चढलं, तो हा इंच. आणि इथे मोठी गफलत होते. दोन इंच म्हणजे एका इंचाच्या दुप्पट नव्हे. एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० आणि तीन इंच म्हणजे जवळजवळ ८,००० लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं. म्हणून अर्ध्या इंचाची चूकसुद्धा फार महागात पडते. उंची अगदी खाचेत मोजू नका, तिथे पाणी झुकलेलं असतं. थोडं मागे, संथ पाण्यात मोजा, आणि प्रवाह स्थिर झाल्यावरच. पत्रा नसेल तर बादली आणि घड्याळ पुरतं. २० लिटरची बादली १० सेकंदांत भरली तर तासाला ७,२०० लिटर.

कितव्या मीटरवर पाणी वाढलं आणि किती वाढलं, हे प्रत्येक वेळी लिहा. ही सबंध वहीतली सगळ्यात मोलाची ओळ.

थांबायचं कुठे

हे गाडी येण्याआधीच ठरवून ठेवा. परिसरातल्या बोअरांना जिथे पाणी लागलं त्यातला सर्वांत खोल आकडा घ्या, त्यात थोडी भर घाला आणि ती मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यानंतर सलग पाच-सहा रॉड एकसारखा वेळ, एकसारखी करडी भुकटी आणि पाण्यात काहीही वाढ नाही, असं दिसलं तर थांबा. पुढच्या रॉडसाठी वहीत काही कारण सापडतं का, एवढंच विचारा.

भोक मोठं केलं की पाणी वाढेल, हीही एक आशा. व्यास दुप्पट केला तर येणारं पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच वाढतं. मोठ्या व्यासाचा फायदा पंप नीट बसण्यासाठी आणि थोड्या जास्त साठ्यासाठी.

केसिंग, जाळी आणि सील

कठीण खडकातल्या बोअरला वरच्या सैल मातीपुरतं केसिंग, म्हणजे भिंत धरून ठेवणारा पाइप, लागतं. ते चांगल्या खडकात निदान मीटरभर रुतलेलं हवं. कुजक्या खडकावर टेकवलं तर माती आत येत राहते. पण भेगाळ पट्ट्यातलं उथळ पाणी केसिंगने अकारण बंद होणार नाही, हेही बघा. इथे वही पुन्हा कामाला येते.

वाळूच्या थरात पूर्ण खोलीपर्यंत पाइप लागतो आणि पाणी देणाऱ्या जाड वाळूसमोर फटी असलेली जाळी बसवतात. जाळी कुठे बसवायची हे फळीवरचे ढीग सांगतात. ती चिकणमातीसमोर बसली तर पाणी नाही, बारीक रेतीसमोर बसली तर पंपात रेती. जाळीभोवती धुतलेली गोल खडी भरायची, थरातल्या कणांपेक्षा साधारण ४ ते ६ पट जाड.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ती. केसिंग आणि भोकाची भिंत यांच्यात मोकळी फट राहते. पावसाचं, गटाराचं पाणी तिच्यातून थेट खाली उतरतं. वरचे निदान ३ ते ६ मीटर सिमेंटच्या पातळ लगद्याने किंवा बेंटोनाइटने भरून घ्या. नुसती माती लोटून भागत नाही. केसिंग जमिनीच्या वर हातभर ठेवा आणि भोवती बाहेर उतार असलेला सिमेंटचा ओटा करा. वरून पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी सील नसलेल्या बोअरवर माझा भरवसा बसत नाही.

गाडी जाण्याआधी पंपाच्या जाडीचा तीनेक मीटर सरळ पाइप दोराने पूर्ण खाली सोडून बघा. तो अडकला तर भोक वाकडं आहे, आणि तिथेच उद्या पंप अडकणार.

धुणं आणि चाचणी

नवा बोअर हवेने उलटसुलट ढवळून धुवावा लागतो. थांबून, पुन्हा सोडून, पाणी नितळ येईपर्यंत. चिखल वापरला असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण भिंतीवरचा तो थर निघाला नाही तर पाण्याची वाट बंदच राहते.

कॉम्प्रेसरने उसळलेलं पाणी बघून पंप घेऊ नका. त्या वेळी हवा भोकातली पातळी फार खाली ढकलत असते, त्यामुळे दिसणारा आकडा रोज मिळणाऱ्या पाण्यापेक्षा मोठा असतो. शिवाय भोकात साठलेलं पाणीही त्यात असतं. १५० मिलिमीटर व्यासाच्या भोकात दर मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. ८० मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळजवळ १,४०० लिटर. सुरुवातीची काही मिनिटं पंप हेच उपसत असतो.

खरी चाचणी अशी. रात्रभर बोअर शांत ठेवा आणि सकाळी पातळी मोजा. मग एकाच वेगाने पंप चालवा. पहिल्या दहा मिनिटांत दर मिनिटाला, पुढे दहा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने पातळी लिहा. घरगुती वापरासाठी निदान काही तास, गावासाठी किंवा सोसायटीसाठी २४ तास. समजा पातळी १८ मीटरवर होती आणि तासाला २,००० लिटर उपसताना ती ४२ मीटरवर येऊन स्थिरावली. पातळीचा उतार २४ मीटर, म्हणजे दर मीटर उतारामागे तासाला सुमारे ८३ लिटर. हा आकडा जपून ठेवा. पाच वर्षांनी तो घटला तर बोअर बुजतो आहे किंवा भूजलच खाली गेलं आहे, हे कळेल. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात परत चढते, तेही लिहा. तिला फार वेळ लागला तर उपसा कमी ठेवावा लागेल. चाचणी कोरड्या महिन्यांत केलेली केव्हाही चांगली.

पंप

जमिनीवर बसवलेला पंप व्यवहारात सात मीटरच्या आसपासच पाणी ओढू शकतो, कारण ते काम हवेच्या दाबावर चालतं. त्याहून खोल पाण्याला सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप. तो उपसा चालू असतानाच्या पातळीच्या काही मीटर खाली आणि तळाच्या गाळापासून काही मीटर वर टांगा. मुख्य झरा पंपाच्या खाली राहिला तर येणारं पाणी मोटरीला घासून वर जातं आणि ती थंड राहते. सुरक्षा दोर आणि कोरडं चालणं रोखणारा स्विच, दोन्ही हवेच.

पंपासोबत बोटभर जाडीचा एक प्लास्टिक पाइप शेवटपर्यंत सोडून ठेवा. पातळी मोजायची टेप त्यातून सुखरूप जाते, वायरीत गुंतत नाही.

पिण्याआधी

पहिल्यांदा क्लोरीन. दर हजार लिटर पाण्याला ३३ टक्के क्लोरीन असलेली सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, निवळ घेऊन बोअरमध्ये सोडा. निदान १२ तास तसंच ठेवा आणि मग वास जाईपर्यंत उपसून टाका.

त्यानंतर प्रयोगशाळेतली तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा अशा: लिटरमागे फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जीवाणू एकही नको. बांगलादेशात जंतूंपासून लोकांना वाचवण्यासाठी लाखो नलिकाकूप खणले गेले. पाणी नितळ, चवीला छान. १९९०च्या दशकात त्यातल्या पुष्कळांत आर्सेनिक सापडलं, तोवर लोक ते वर्षानुवर्षं पीत होते. आर्सेनिक किंवा फ्लोराइड चवीला, वासाला, डोळ्याला कळत नाही आणि उकळून जात नाही.

गाडी गेल्यानंतर

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी मोजा. भूजल सगळ्यांचं एकत्र असतं. आपल्या पंपाने शेजारच्याची पातळी उतरते आणि त्याच्या पंपाने आपली. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात उपशामुळे १९२५ ते १९७७ दरम्यान एका ठिकाणी जमीनच सुमारे ९ मीटर खचली. समुद्रकाठी तर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी, त्याच्या साधारण चाळीस पट खोलीपर्यंत ते समुद्रसपाटीखाली असतं. म्हणून पातळी एक मीटर उतरली की खारं पाणी कालांतराने चाळीसेक मीटर वर येऊ शकतं. नोंदी एकमेकांना दाखवल्या तर उपसा मिळून ठरवता येतो. पाऊसपाणी बोअरमध्ये सोडायचं असेल तर पहिल्या सरींचं वाहू द्या आणि पुढचं वाळू-खडीच्या गाळणीतूनच आत जाऊ द्या.

आणि बोअर कोरडा गेला तर? त्या दिवसाची निराशा मोठी असते, लोक मान फिरवून निघून जातात आणि भोक उघडं राहतं. लहान मूल त्यात मावतं. गाडी हलण्याआधी त्यावर हाताने न निघणारं घट्ट झाकण बसवा, चालू बोअरलाही तेच. मग तळापासून स्वच्छ माती किंवा वाळू आणि चिकणमाती भरत या, वरचे काही मीटर सिमेंटने बंद करा. वहीत त्या जागेची खूण, खोली आणि थरांची नोंद पूर्ण करा, आणि शेजारी बोअरचा विचार करत असेल त्याला ते पान दाखवा.